परीक्षकाची खुर्ची

वाचकहो, तुमच्या घरी किंवा आजोळी पुढच्या खोलीत भिंतीवर एक चौकट असेल. काच धुरकटलेली, आतला कागद पिवळा पडलेला, त्यावर आजीचे किंवा आत्याचे माहेरचे नाव आणि खाली शाईने लिहिलेले : मध्यमा पूर्ण, द्वितीय श्रेणी. होमिओपॅथीचा डॉक्टर म्हणून बेळगावात चाळीसएक वर्षे घरोघर जाणे झाले, त्यामुळे अशा चौकटी मी पुष्कळ पाहिल्या. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद इथल्या आपल्या लोकांच्या घरांतही त्या असतील. रोग्याची विचारपूस झाली की मी हटकून त्या कागदाचीही विचारपूस करतो, आणि त्या बाईंना तो दिवस आठवला नाही असे सहसा होत नाही. परीक्षक कोणत्या गावाहून आले होते, त्यांनी कोणता राग विचारला, चौतालाची दुगुन हातावर देताना कुठे गडबड झाली, सारे मुखोद्गत. वय ऐंशी, गुडघे गेलेले, पण प्रथम श्रेणी चार गुणांनी हुकल्याची रुखरुख मात्र शाबूत.

हे चार गुण कुठून आले, त्यांचा हा इतिहास आहे. गाणाऱ्या किंवा नाटक करणाऱ्या मुलाला आकड्यात तोलायचे, आणि ते न्यायाने तोलायचे, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. ती कुणी आणली, तिने काय साधले आणि कुठे ठेच खाल्ली, हे तुमच्यापुढे ठेवावे असे वाटले.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार बेताचाच. मी बीएचएमएस डॉक्टर. गाणे विशारदच्या पहिल्या वर्षापर्यंत शिकलो, पुढचे दवाखान्याने गिळले. तरी संगीत थोडेफार कळणारा, वेळेवर येणारा आणि मानधनाची आठवण न करणारा माणूस म्हणून शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांना तीसेक वर्षे मला परीक्षक म्हणून बोलावतात. नाटकालाही बोलावतात, त्याचे कारण मला अजून उलगडलेले नाही. त्या खुर्चीत बसून माझ्या हातून न्याय झाला आहे आणि अन्यायही. अन्यायाची हकिगत शेवटी सांगेन.

परीक्षा नव्हती तेव्हा पारख नव्हती असे नाही. दरबारात राजाची मर्जी होती, मैफलीत जाणकारांची मान होती, आणि गंडा बांधलेल्या शिष्याला गुरूचा एक हुंकार पुरे असे. नाटकात तर निकाल तिथल्या तिथे लागायचा : पद रंगले की ‘वन्समोअर’, फसले की पिटातून शिट्ट्या. या सगळ्यात एक सोय होती. पारखणाऱ्याला कारण द्यावे लागत नव्हते. आणि एक मोठी गैरसोय होती. घराण्याच्या, ओळखीच्या, पुरुषांच्या त्या वर्तुळाबाहेर जो जन्मला त्याला, आणि विशेषतः जी जन्मली तिला, आपल्याला गाणे येते की नाही हे विचारायलाच जागा नव्हती.

ती जागा तयार झाली, आणि एक गोष्ट आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या घरांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे : तिचा पाया पुण्या-मुंबईत घातला गेला नाही. १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी बडोद्यात गायनशाळा काढली. वर्ग, वेळापत्रक, स्वरलेखन असे सगळे शाळेसारखे. पुढे ५ मे १९०१ रोजी विष्णु दिगंबर पलुसकरांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले ते लाहोरला. जन्म कुरुंदवाडचा, शिक्षण मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, म्हणजे आमच्या बेळगावपासून हाकेच्या अंतरावर. पण संस्था उभी राहिली ती पंजाबात, जिथे त्यांना ओळखणारे कुणी नव्हते. मुंबईला ते १९०८ मध्ये आले. मला वाटते, अनोळखी गावात संस्था काढली म्हणूनच नियमांची गरज भासली असावी. ओळखीच्या गावात नियम लागत नाहीत, नाती पुरतात.

पलुसकरांची नजर लहानपणी दारूकामात अधू झाली होती. शाळा सुटली, म्हणून तर ते गाण्याकडे वळले. संगीताच्या शालेय शिक्षणाचा पाया घालणाऱ्या माणसाला समोरच्या विद्यार्थ्याचा चेहरा नीट दिसत नसावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे याच संदर्भात पडद्याची गोष्ट यायची आहे, तेव्हा तिची आठवण ठेवा.

१९३१ मध्ये पलुसकर गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही पायऱ्यांची शिडी आज जी आपल्या बोलण्यात इतकी सहज येते, ती या मंडळाची. भिंतीवरची चौकट बहुधा त्यांचीच असते. 

दुसरी वाट विष्णु नारायण भातखंड्यांची. ते वकील होते, कराचीत काही काळ वकिलीही केली. त्यांच्या कामाकडे पाहिले की वकिलाचे डोके जाणवते. गावोगाव हिंडून साक्षी गोळा केल्या, उस्तादांची उलटतपासणी केली, आणि रागांचा जणू कायदा लिहून काढला : दहा थाट, आरोह-अवरोह, वादी-संवादी. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा त्यांचा ग्रंथ मराठीत आहे आणि गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून चालतो. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद त्यांनी १९१६ मध्ये बडोद्यात भरवली, १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने माधव संगीत विद्यालय निघाले, आणि १९२६ मध्ये लखनौचे मॅरिस कॉलेज. पुन्हा पाहा : बडोदे, ग्वाल्हेर, लखनौ.

भातखंड्यांमुळे परीक्षकाच्या हाती प्रथमच एक लिहिलेला आधार आला. ‘हा बागेश्री नाही’ असे म्हणायचे तर का नाही हे सांगता येऊ लागले, आणि त्याहून महत्त्वाचे, विद्यार्थ्याला ‘आहे, पुस्तकात बघा’ असे म्हणता येऊ लागले. उस्तादांना हे झोंबले यात नवल नाही. घराण्यात एखादा राग जरा वेगळ्या अंगाने गातात, त्याचे काय करायचे? पुस्तकाप्रमाणे तो चूक, पण गळ्यात तो पिढ्यान्‌पिढ्या बरोबर. हा तंटा शंभर वर्षांनीही मिटलेला नाही. दरवर्षी परीक्षेच्या खोलीत एखादी मुलगी गुरूने शिकवलेला कोमल निषाद लावते आणि परगावच्या परीक्षकाची भुवई वर जाते.

परीक्षांनी गाणे कोरडे केले, अशी तक्रार तुम्ही ऐकली असेल. मीही मित्रांच्या बैठकीत ती पुष्कळदा केली आहे. पाच आलाप, पाच ताना पाठ करायच्या, तालाचे ठेके घोकायचे, आणि राग म्हणजे काय हे न कळताच विशारद व्हायचे. तक्रार खरीच आहे. पण त्या चौकटीतल्या बाईंकडे बघितल्यावर ती मला अपुरी वाटू लागते. ज्या काळात घरंदाज मुलीने गाणे म्हणजे लोक काय म्हणतील हा पहिला प्रश्न असे, त्या काळात ‘परीक्षेला बसते आहे’ हे शब्द तिच्या कामी आले. गाण्याला घरात ‘अभ्यास’ हा शब्द मिळाला. अभ्यासाला कोण नाही म्हणणार? श्रेणी द्वितीय का असेना, ती दिली एका अशा माणसाने ज्याला तिचे घराणे, जात, वडिलांचा हुद्दा यांच्याशी देणेघेणे नव्हते. परका परीक्षक हा या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा न्याय होता.

आता पडद्याकडे येऊ. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांच्या काळात आकाशवाणीवर गाणाऱ्यांसाठी ध्वनिचाचणीची पद्धत आली : परीक्षक मंडळाने कलाकाराला न पाहता, त्याचे नाव न कळता, नुसते ऐकायचे आणि श्रेणी ठरवायची. या कामात प्रमुख होते श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, भातखंड्यांचे पट्टशिष्य, मॅरिस कॉलेजचे प्राचार्य. तुम्हाआम्हाला आज ही व्यवस्था रास्त वाटते. त्या वेळी गहजब झाला. ज्यांनी दरबार गाजवले, ज्यांच्या तबकड्या घरोघर वाजत होत्या, त्यांनी शाळकरी मुलासारखे बंद खोलीत बसून चाचणी द्यायची? अनेकांनी नकार दिला. रातंजनकरांसारख्या ऋजू माणसाला त्यापायी पुष्कळ ऐकून घ्यावे लागले.

योगायोग असा की त्याच १९५२ साली अमेरिकेत बॉस्टनच्या वाद्यवृंदानेही वादक निवडताना मध्ये पडदा लावायला सुरुवात केली. पण पडद्याची कल्पना त्याहून जुनी आहे, आणि ती कुठे आढळते हे सांगताना मला थोडे अवघडल्यासारखे होते. १८३५ मध्ये जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात आमच्या होमिओपॅथीचीच अशी चाचणी झाली होती. शंभर कुप्या घेतल्या, निम्म्यांत बर्फाचे शुद्ध पाणी, निम्म्यांत त्याच पाण्यात होमिओपॅथीच्या रीतीने अतिविरल केलेले मीठ. कुप्यांना आकडे दिले, त्या मिसळल्या, कोणत्या आकड्यात काय आहे याची यादी मोहोरबंद केली आणि कुप्या नागरिकांना वाटल्या. घेणाऱ्याला माहीत नाही, देणाऱ्यालाही माहीत नाही. काही आठवड्यांनी यादी उघडली. बहुतेकांना काहीच जाणवलेले नव्हते. निकाल आमच्या बाजूने लागला नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही; माझ्या व्यवसायातले काही मित्र ही हकिगत सांगितली म्हणून माझ्यावर रागावतात. पण ज्या पद्धतीने माझ्या शास्त्राला अडचणीत टाकले तीच पद्धत गाणाऱ्या मुलीला न्याय देऊ शकते, असे मला वाटत असेल, तर दोन्हीकडे तिचा मान राखला पाहिजे.

तर पडदा. तो चेहरा लपवतो, पातळाची किंमत लपवतो, आडनाव लपवतो. हे थोडे नाही. २०१३ मध्ये एका संशोधिकेचा अभ्यास प्रसिद्ध झाला : संगीतस्पर्धांतले अंतिम फेरीतले वादक काहींना नुसते ऐकवले, काहींना आवाज बंद करून नुसते दाखवले, आणि विजेता ओळखायला सांगितले. नुसते पाहणाऱ्यांनी तो अधिक अचूक ओळखला, आणि यात कसलेले संगीतकारही होते. म्हणजे मूळ स्पर्धेतल्या परीक्षकांनी कानाने निकाल दिला असे त्यांना वाटले, पण तो बराचसा डोळ्यांनी दिला होता. पलुसकरांच्या अधू नजरेची आठवण ठेवा म्हटले होते ते यासाठी.

तरीही आपल्या संगीतात पडदा अर्धाच काम करतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदात सगळे तीच लिहिलेली रचना वाजवतात. आपल्याकडे गायकी हेच नाव असते. किराण्याचा षड्ज लागला की पडद्यापलीकडे कुणाचा शिष्य बसला आहे हे परीक्षकाला चार आवर्तनांत कळते, आणि गावच्या स्पर्धेत तर सम गाठण्याच्या लकबीवरून कोणत्या बाईंचा क्लास तेही कळते. डोळ्यांवर पट्टी बांधता येते. कानांची ओळख कशी पुसणार?

नाटकाला पडदा लावून चालतच नाही, म्हणून नाटकाची गोष्ट वेगळी. हौशी मराठी रंगभूमीच्या स्पर्धांचा मोठा ओघ सुरू झाला १९५४ पासून, मुंबई राज्याच्या नाट्यस्पर्धेने. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. ती स्पर्धा पुढे महाराष्ट्र राज्याची झाली. वयाने मोठे असलेल्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. महाविद्यालयीन मुलांसाठी १९६३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासकने पुरुषोत्तम करंडक सुरू केला, आणि एकांकिकास्पर्धा हा मराठी तरुणपणाचा एक संस्कारच होऊन बसला. भरत नाट्य मंदिरातला ‘आव्वाज कुणाचा’ हा घोष ज्याने ऐकला आहे त्याला मी म्हणतो ते कळेल. तो घोष परीक्षकाच्याही कानावर पडत असतो. कोणत्या गटाला घोषणा देणारे दीडशे मित्र आणता आले आणि कोणता गट रात्रीच्या एस्टीने बारा जण आला, हे गुणपत्रिकेत लिहिले जात नाही, पण ते सभागृहात असतेच.

याच करंडकाच्या स्पर्धेत २०२२ मध्ये परीक्षकांनी ठरवले की यंदा करंडक देण्याच्या योग्यतेची एकही एकांकिका नाही. स्पर्धेच्या इतक्या वर्षांत हे प्रथमच घडले. वर्तमानपत्रांतून, नाट्यगृहाच्या कट्ट्यांवर खूप वाद झाला. एक बाजू म्हणे, महामारीची दोन वर्षे घरात कोंडलेली पोरे पुन्हा उभी राहताहेत, त्यांना असे मोकळ्या हाताने पाठवायचे? दुसरी म्हणे, दर्जा नसेल तर ‘नाही’ म्हणायला कुणीतरी लागतेच. मी तेव्हा आणि आजही मधल्या जागी आहे, आणि जैन घरात वाढलेल्या माणसाला मधल्या जागेची लाज वाटत नाही. अनेकांत आमच्याकडे लहानपणीच पाजतात. स्पर्धा म्हणजे हजर असलेल्यांत पहिला कोण, हा एक प्रश्न. परीक्षा म्हणजे ठरलेल्या मापाला कोण उतरला, हा दुसरा. गांधर्वच्या परीक्षेला बसलेल्या सगळ्या मुली पहिल्या श्रेणीत येऊ शकतात, किंवा एकही येणार नाही. शर्यतीत मात्र कुणीतरी पहिला येतोच, धावणे कितीही संथ असो. मुलांना धावायला बोलावताना आपण यांपैकी काय मांडले आहे, हे आधी सांगितले पाहिजे. २०२२ च्या परीक्षकांचे मोजमाप चुकले असे मी म्हणणार नाही. ‘करंडक न देण्याची मुभा आहे’ ही ओळ मुलांच्या मनात आधीपासून ठसलेली असती तर त्यांचे दुःख वेगळ्या जातीचे झाले असते, एवढेच म्हणेन.

एक हिशेबी गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती फार थोड्या आयोजकांना माहीत असते. तीन परीक्षक, प्रत्येकी शंभर गुण, बेरीज करायची, ही आपली सर्वमान्य रीत. समजा दोघांना पहिला गट सरस वाटला. एकाने त्याला ६४ आणि दुसऱ्या गटाला ६२ दिले, दुसऱ्याने ६६ आणि ६४. तिसऱ्याला दुसरा गट आवडला, आणि तो सढळ हाताचा : पहिल्याला ५५, दुसऱ्याला ८५. बेरीज करा. पहिल्या गटाचे १८५, दुसऱ्याचे २११. तिघांपैकी दोघांनी ज्याला पहिला म्हटले तो सव्वीस गुणांनी हरला. इथे कुणी लबाडी केली नाही. दोघे भिडस्त होते आणि एक जोरकस, इतकेच. आणि भिडस्तांची मते बेरजेत बुडाली. आधी प्रत्येकाकडून क्रम लिहून घ्यावा, मग आकडे पाहावेत, मग तिघांनी बोलावे. आमच्याकडे बहुधा बोलणे होते ते मनोगतात, आणि मनोगतात परीक्षक मुलांच्या नाटकाऐवजी स्वतः १९७८ साली केलेल्या नाटकाविषयी बोलतात.

सीमाभागात आणखी एक गुंता आहे. आमच्याकडच्या युवक महोत्सवांत मराठी आणि कन्नड एकांकिका एकाच दिवशी, एकाच रंगमंचावर असतात. माझी आजी कन्नड बोलणारी, आई मराठी, त्यामुळे दोन्ही कळते म्हणून मला बसवतात. एका वर्षी मराठी मुलांचे नाटक चांगले होते, कन्नड मुलांचे थोडे अधिक बांधीव. माझ्या शेजारचे परीक्षक हळूच म्हणाले, ‘डॉक्टर, आपली पोरं किती अडचणीतनं करतात, बघा.’ खरेच होते ते. तालमीला जागा नाही, ग्रंथालयात मराठी संहिता नाहीत. माझा हात क्षणभर थबकला आणि मग मी उलटे केले. आपल्याला पक्षपाती म्हणतील या धास्तीने मराठी गटाचे संवादफेकीतले दोन गुण कापले. कन्नड गट माझ्या मते पहिला होताच. कापायची काही गरज नव्हती. त्या दोन गुणांनी मराठी गट तिसऱ्यावरून चौथ्यावर गेला, प्रशस्तिपत्र हुकले. आपल्या माणसाला झुकते माप देणे हा अन्याय सगळ्यांना दिसतो. चांगुलपणाच्या हौसेने आपल्याच मुलांना कमी तोलणे हाही तितकाच अन्याय. पण तो करणाऱ्याची वाहवा होते, म्हणून तो उघडकीला येत नाही.

आता ती हकिगत. १९९४ च्या सुमारास एका महाविद्यालयीन गायनस्पर्धेला मी परीक्षक होतो. तेवीस स्पर्धक. पहिला क्रमांक निघाला तालुक्याच्या गावाहून आलेल्या एका मुलीचा. सकाळचे नऊ, प्रेक्षक अजून खुर्च्या ओढताहेत, ध्वनिक्षेपकवाला तारा जोडतो आहे. तिने जौनपुरी गायला. मध्य सप्तकात आवाज गोड, पण वर गेली की ताण जाणवे, तार गंधारापाशी तर आवाज चिरला. मी शेरा लिहिला : तार सप्तकात आवाज ताणतो, तयारी कमी. गुण दिले ५८. दुपारी तीनला एका ओळखीच्या गवयाचा शिष्य गायला, त्याला ७६. तो पहिला आला.

रात्री घरी कार्बनची प्रत पाहत बसलो होतो. सहज लक्षात आले की पहिल्या पाचांत कुणालाही मी ६२ च्या वर चढू दिलेले नाही आणि शेवटच्या पाचांत कुणालाही ६५ च्या खाली उतरवलेले नाही. गुणवंत सगळे दुपारीच जमले होते की काय? सकाळी मी पुढे चांगले येईल म्हणून गुण राखून ठेवत होतो, आणि दुपारी राखलेले उधळत होतो. पुढे वाचनात आले की ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ पियानो स्पर्धेच्या निकालांवर दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये हेच दाखवले होते : वादनाचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, तरी अंतिम फेरीत पहिल्या दिवशी वाजवणारे मागे पडतात आणि नंतरचे पुढे सरकतात. जगातले नामांकित कान ज्या खड्ड्यात पडले तिथेच मी पडलो होतो, हे वाचून बरे वाटले. वाटायला नको होते.

अकरा वर्षांनी एक बाई पाच-सहा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. जुना खोकला, रात्री वाढणारा. तुम्ही होमिओपॅथाकडे गेला असाल तर तुम्हाला ठाऊक आहे, आम्ही विचारून विचारून माणसाला भंडावतो. तहान किती, झोपेत पाय पांघरुणाबाहेर काढतो का, समजूत घातली की शांत होतो की जास्त रडतो. अर्धा तास मी विचारत होतो, त्या शांतपणे सांगत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘सर, तुम्ही मला ओळखलं नसणार. मी जौनपुरी गायले होते. पहिला नंबर होता माझा, म्हणजे चिठ्ठीतला.’

मी काहीतरी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, ‘माझा सूर काळी चार. तिथे तबला एकच होता, काळी पाचचा. मी संयोजकांना म्हटलं, ते म्हणाले आता वेळ नाही, त्यातच गा. तुम्ही इतकं विचारता सर, तेव्हा एवढं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.’

ज्यांना गाण्याचा सराव नाही त्यांच्यासाठी सांगतो : काळी चार ते काळी पाच म्हणजे पूर्ण एका स्वराचा चढ. जिचा गळा जिथे संपतो त्याच्यापुढे तिला एक पायरी रोज न चढलेली चढायला लावली होती, तीही सकाळी नऊला, गळा न तापलेला असताना. शेऱ्यातले ‘आवाज ताणतो’ हे निरीक्षण बरोबर होते. ‘तयारी कमी’ हे निदान चूक होते. लक्षण पाहिले आणि कारण न विचारता औषध दिले. माझ्या विद्यार्थ्याने दवाखान्यात असे केले असते तर मी त्याला बाहेर काढले असते.

तो भाद्रपद होता, दशलक्षण पर्व नुकतेच संपले होते. क्षमावाणीच्या दिवशी आम्ही आप्तेष्टांची क्षमा मागतो. खरे सांगायचे तर ज्यांचे आपण काही वाईट केलेले नाही त्यांचीच बहुधा मागतो. त्या दिवशी दवाखान्यात, मुलासमोर, मी हात जोडले. त्या काही बोलल्या नाहीत. गाणे अजून चालू आहे का, असे मी विचारले. ‘त्यानंतर स्पर्धेत नाही गायले,’ म्हणाल्या. मग पुडीतल्या गोळ्या दिवसातून किती वेळा द्यायच्या, दुधाबरोबर चालतील का, हे विचारून गेल्या. खोकला गेला, पुन्हा आल्या नाहीत.

तेव्हापासून माझ्या दोन-तीन अटी असतात. पहिले तीन स्पर्धक होईपर्यंत मी आकडा लिहीत नाही, नुसत्या नोंदी करतो, आणि तीन झाले की मागे जाऊन तिघांचेही आकडे भरतो. शेऱ्यात जे ऐकले तेच लिहितो, त्याचे कारण लिहीत नाही. आणि प्रत्येक मुलाला गाण्याआधी विचारतो, ‘सूर कोणता? तबला जुळला का?’ आयोजक घड्याळाकडे बघतात. 

गेल्या वर्षी एका आंतरशालेय स्पर्धेत पहिल्याच मुलाने माझ्या प्रश्नाला उत्तर दिले, ‘पांढरी एक, काका. पण हा तबला काळी दोनचा आहे.’ आयोजक म्हणाले, चालवून घे बाळ. मी खुर्चीवरून उठलो आणि टिळकवाडीत राहणाऱ्या तबलजीला फोन लावला. तो आंघोळीला गेला होता. तबला आला, हातोडीने लावून झाला, तेव्हा दहाला पाच कमी होती. मुलगा तोवर विंगेत बसून पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडत-लावत होता.